पायाभूत चाचणी

मधुवंतीची एम.एड.ची पदवी नऊ वर्षं परदेशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये कपाटात पडून होती. नवरा चांगी बिझनेस पार्कला नोकरीला जायचा आणि ही घरी बसून कुढायची. त्यामुळे बिशानमधल्या रविवारच्या मराठी वर्गाला नवा अभ्यासक्रम आणि तो राबवणारी प्रमुख हवी आहे असं कळलं, तेव्हा तिने मनाशी पक्कं केलं, हे पद आपलंच.

अडचण एकच होती, विद्याताई. त्या अकरा वर्षं तिथे फुकट शिकवत होत्या. उद्दिष्टं काय म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "पोरांनी फोनवर आजीशी बोलावं, बास." हे ऐकून मधुवंतीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिने चाळीस पानं लिहिली. आधी उद्दिष्टं, मग अनुभव, त्यांची मांडणी, शेवटी मूल्यमापन. तात्त्विक पाया, मानसशास्त्रीय पाया, सामाजिक पाया. छुप्या अभ्यासक्रमावर तर आख्खं प्रकरण होतं: शिक्षक सांगतो त्यापेक्षा तो जसा वागतो, ते मूल पक्कं शिकतं. प्रकरण खरंच छान उतरलं होतं. लिहिणारीने ते मनावर घेतलं नव्हतं, एवढंच.

मग सध्या मुलांना किती येतं हे बघायला पायाभूत चाचणी ठरली. आदल्या दिवशी तिने त्याच वर्गात जाणाऱ्या आठ वर्षांच्या लेकीला, गार्गीला, जवळ घेतलं. "उद्या काही लिहू नकोस हं. पेपर कोरा दे."

"बट आय नो, आई. विद्याआजीने शिकवलंय."

"माहितेय गं राणी. आपली गंमत आहे ही. कुणाला सांगायची नाही."

वर्गाच्या समितीपुढे तिने तोच पेपर नाव झाकून भिंतीवर मोठा करून दाखवला. "चार वर्षं या वर्गात बसलेलं मूल. एक शब्द नाही!" अध्यक्ष निशिकांत हळहळले. विद्याताई चष्मा सावरत भिंतीजवळ गेल्या. पेपरच्या कोपऱ्यात एक इवलीशी मांजर काढलेली होती. गार्गी वहीच्या पानापानावर तसली मांजर काढते, हे मधुवंतीला आत्ता आठवलं.

विद्याताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग निशिकांतना म्हणाल्या, "मूल कुणाचं ते शोधू नका. बिचारं लाजेल. मीच कमी पडले असेन." पिशवी उचलून त्या गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

मधुवंतीला वाईट वाटलं का? वाटलं, एमआरटीची गाडी येईपर्यंत वाटलं. उतरल्यावर तिने हॉकर सेंटरमध्ये गार्गीला भलंमोठं आइस कचांग, म्हणजे रंगीबेरंगी सरबतातला किसलेला बर्फ, खाऊ घातला.

पद तिला तात्पुरतं मिळालं आणि वर्षभर तिने कसून शिकवलं. वर्गातून आजीला लावायचे फोन बंद झाले, कारण ते मोजता येत नव्हते. मुलं निमूट बसायची. विद्याआजी कधी येणार, असं गार्गीने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा बोलणी खाल्ली.

वर्षअखेरीची चाचणी समितीसमोरच झाली. तिच्यावरच मधुवंतीचं पद कायम व्हायचं होतं. निशिकांतनी गठ्ठ्यातला पहिला पेपर उचलला. कोरा. दुसरा कोरा. अकराच्या अकरा कोरे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात मांजर. काहींना ती नीट जमली नव्हती.

"हे काय?" मधुवंती ओरडली. "सगळं येतं तुम्हाला!"

गार्गी उभी राहिली. घाबरली नव्हती. उत्तर येणारी मुलं उभी राहतात तशी राहिली.

"येतं ना. पण लास्ट टाइम तू म्हणालीस कोरा दे. आय गेव्ह, मग विद्याआजी गेली. सो मी सगळ्यांना शिकवलं. आता तू जाणार, देन आजी कॅन कम बॅक लाह."

निशिकांत पेपर हातात धरून मधुवंतीकडे बघत राहिले. गार्गीने आईचा हात धरून हलवला.

"आई, आज पण आइस कचांग?"