ठमीनं चघळलेली शेंबडी

रोपवाटिकेत बारा वर्षं काढलेल्या मावशीला गोगलगायींची ना किळस होती ना भीती. शंखवाल्या ती वेचून बादलीत टाकायची. बिनशंखाच्या, ज्यांना तिथं सगळे शेंबडी म्हणत, त्या मात्र ओल्या कुंड्यांखाली दडून बसत आणि रातोरात कोवळी पानं फस्त करत. त्यांच्यासाठी विषाच्या निळ्या गोळ्या टाकाव्या लागत.

त्या आठवड्यात तिच्या थोरल्या बहिणीची, ताईची, नवी नोकरी सुरू झाली होती, म्हणून ताईची पावणेदोन वर्षांची लेक मावशीबरोबर कामावर यायची. फुगऱ्या गालांमुळे तिला सगळे ठमीच म्हणत. रडू थांबवायला मावशीनं तिला एक गोगलगाय दाखवली. शिंगाला बोट लावलं की स्वारी शंखात गडप. ठमी खिदळून खिदळून बेजार.

तेवढ्यात गुलाबाची कलमं घ्यायला गिऱ्हाईक आलं. मावशी वळली ती दोनच मिनिटं. परत आली तर एक कुंडी कलंडलेली, ठमी तिच्याशेजारी फतकल मारून बसलेली, तोंडानं काहीतरी चघळतेय आणि हनुवटीवर चिकट, चकाकती लाळ.

मावशीनं बोट घालून काढली ती अर्धी शेंबडी होती. शंखवाली हात लागताच आत शिरली असती. हिला शिरायला घरच नाही. ती नुसती आकसून मऊ गोळा होते, आणि पोरीला तो खाऊ वाटला असणार. उरलेली अर्धी कुठं गेली, हे विचारायची गरजच नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, तिथं औषध टाकलेलं होतं का. नाही म्हणावं, असं क्षणभर मावशीच्या मनात येऊन गेलं. मग ठमीच्या ओल्या हनुवटीकडे नजर गेली.

"काल संध्याकाळी मीच टाकल्या गोळ्या," ती म्हणाली. "त्याच रांगेत."

संध्याकाळपर्यंत ठमीला तिथंच ठेवलं. ती थरथरतेय का, ओकतेय का, हे बघत मावशी खाटेचा गज धरून उभी राहिली. विषाची वेळ टळली, तेव्हा बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली. उंदरांच्या लेंडीतून एक बारीक किडा गोगलगायींत शिरतो, शंख असो वा नसो. क्वचितच, पण तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. तीन आठवडे ताप, उलटी आणि मान ताठरते का, यावर लक्ष ठेवा.

ताई धावत आली, तेव्हा मावशीनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. ताई ओरडली नाही. तिनं लेकीला उचललं आणि पाठ फिरवली.

"आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

ताईनं नोकरीवर रजा टाकली. मावशी रोज कामाआधी तिच्या दारात जायची. आत ये म्हणून कुणी म्हणायचं नाही. ती उंबऱ्याबाहेरूनच ठमीला म्हणायची, पाय बघ, पाय कुठंयत. ठमी मान खाली घालून पाय बघायची, मग मावशीच्या जिवात जीव यायचा. पण तो तेवढ्यापुरताच. दिवसभर हातात रोपं असायची आणि डोळ्यांपुढं एक ताठरलेली मान.

अकराव्या दिवशी सकाळी ताईचाच फोन आला.

"अंग तापलंय तिचं. मान वळवू देत नाही. लवकर ये."

रिक्षात ताईनं लेकीला मांडीवर घेतलं. ठमी कण्हत होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हळूच तिचं डोकं उचललं, हनुवटी छातीला लावून पाहिली, एकदा, पुन्हा एकदा. मावशीनं डोळे गच्च मिटले होते. मग बाईंनी कानात दिवा धरला आणि बराच वेळ आत पाहिलं.

कान सुजला होता. म्हणून पोर त्या बाजूला वळत नव्हती. मान मऊच होती.

मावशी तिथंच फरशीवर बसली. ताईही शेजारी येऊन टेकली, पण तिनं मावशीचा हात धरला नाही.

उरलेले दहा दिवसही तसेच धाकधुकीत गेले आणि काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी मावशी गेली, तेव्हा ताई दारात येऊन म्हणाली, की उद्यापासून तिला कामावर रुजू व्हायचंय.

"तू दुपारपर्यंत इथं येऊन सांभाळशील? रोपवाटिकेत मात्र न्यायची नाही."

मावशीनं होकार दिला आणि रोपवाटिकेत दुपारची पाळी मागायला निघाली.