चिमणी मोकळी करा

मित्रांनो, मी चार माणसांचा जीव वाचवला.

आता हे वाक्य विसरून जा. असं काही घडलेलंच नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. मी एक जुना गॅस हीटर आहे. मुक्काम कुंडल, जिल्हा सांगली. झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि भांडायला पुरेशी जागा असलेल्या एका घरगाडीत, पलंगाखाली डाव्या हाताला मला बसवलेलं आहे. हसू नका. चैत्रात आमच्याकडे गाडीच्या पत्र्याला हात लावला तर फोड येतो, आणि अशा गावात माझी नेमणूक गरम हवा देण्यासाठी झालेली आहे. ही नेमणूक मी मागितली नव्हती.

माझा जन्म फार थंड देशातला. तिथल्या कारखान्यात मला बर्फाच्या खोलीत ठेवून पेटवलं, विझवलं, पुन्हा पेटवलं, आणि पांढरा कोट घातलेल्या एका बाईंनी माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझ्या पोटात एक ज्योत आहे. धूर बाहेर सोडायला गाडीच्या कुशीतून निघालेला एक नळ आहे. आणि ज्योतीजवळ एक बारीक सुई आहे. ती सुई म्हणजे माझी अक्कल. धूर बाहेर जाईनासा झाला की सुई गॅस तोडते आणि मी विझतो. कारण तो धूर गाडीत कोंडला, तर आत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. त्या हवेला ना रंग असतो, ना वास. म्हणजे मित्रांनो, पेटणं हे माझं निम्मं काम. उरलेलं निम्मं काम विझणं. हे सगळं माझ्यासोबत दिलेल्या पुस्तकात लिहिलं होतं. एकशे बारा पानं, सगळी त्या थंड देशाच्या भाषेत.

माझे पहिले मालक सांगलीचे एक डोळ्यांचे डॉक्टर. त्यांनी मला थेट हिमालयात नेलं. बाहेर बादलीतलं पाणी दगड झालेलं, आणि आत डॉक्टर नुसत्या बनियनवर बसून भडंग खात होते. "काय हीटर आहे!" असं ते चार दिवसांत सव्वीस वेळा म्हणाले. ते माझ्या वैभवाचे दिवस. मग डॉक्टरीणबाईंना घाटात उलट्या होतात असं निष्पन्न झालं आणि गाडी कुंडलच्या आर्जवकडे आली.

आर्जव गाडी घेऊन सगळा भारत फिरणार होता. आजवर तो तासगावला दोनदा जाऊन आला आहे. गाडी तीन वर्षं त्यांच्या बेदाण्याच्या शेडशेजारी उभी राहिली. माझ्या डोक्यावर शेवया वाळल्या. माझ्या जाळीत मोजे खोवले गेले. शेडमधला वजनकाटा डुगडुगत होता, म्हणून माझं पुस्तक त्याच्या एका पायाखाली गेलं. आर्जवचे वडील धन्यकुमार दुपारी गाडीत पडायला येत, मला पायाच्या अंगठ्यानं ढोसत आणि विचारत, "ह्यातनं गार हवा येत न्हाई व्हय रं?"

मी उत्तर दिलं नाही. मलाही काही मान आहे.

या घरात सर्वांत थोर चंपाबाई. धन्यकुमारांच्या आई, वय ब्याऐंशी. दर थंडीत पेपरात एक फोटो येतो, तुम्हीही बघितला असेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठलेलं, गवत पांढरं झालेलं. हे एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच त्यांची मागणी. सांगली जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात जायचं. पन्नास वर्षं सगळे म्हणत आले, "पुढच्या थंडीत जाऊ." यंदा त्यांना त्याच डॉक्टरांना दाखवलं. एक डोळा काचबिंदूनं आधीच गेलेला. दुसरा तपासून डॉक्टर म्हणाले, "पुढच्या थंडीचं मी काही सांगू शकत नाही."

मग घर खडबडून जागं झालं. ते दव फक्त उजाडताना दिसतं, ऊन आलं की संपलं. म्हणजे मुक्काम तलावाशेजारीच करायला हवा. आणि चंपाबाईंना दमा, गारठा सोसत नाही. म्हणजे गाडी हवी, आणि गाडीत ऊब हवी. तीन वर्षांनी घराला आठवलं की आपल्याकडे एक हीटर आहे. माझ्या डोक्यावरच्या शेवया उचलल्या गेल्या.

डिसेंबरात पेपरात फोटो आला. दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं, आणि त्याच सकाळी सगळ्यांसमोर मला पेटवलं. मी पेटलो. चंपाबाईंनी हात शेकले. सातव्या मिनिटाला मी विझलो आणि माझा तांबडा दिवा तीन वेळा लुकलुकला.

मित्रांनो, इथून माझी जी विटंबना झाली ती ऐका. धन्यकुमार म्हणाले, "सिलिंडर बदल." बदलला. मी विझलो. मग टीव्हीला मारतात तशी त्यांनी मला एक चापट मारली. मी विझलो. गाडीचं तोंड दक्षिणेला आहे, ते बरं नव्हे, असं निघालं. गाडी वळवली. मी पूर्वेकडे तोंड करून विझलो. दर वेळी तांबडा दिवा तीनदा लुकलुकत होता. म्हणजे मी ओरडून सांगत होतो, पण ऐकणाऱ्याला वाटत होतं की मी डोळे मिचकावतोय.

शेवटी आर्जवची बायको भाग्यश्री म्हणाली, "आवं, ह्याचं पुस्तक आसंल की कुठंतरी!" वजनकाटा उचलून पुस्तक काढलं. तीन लुकलुकांचं पान सापडलं. तिनं त्यावर मोबाइल धरला आणि मोबाइलनं त्या परक्या भाषेचं मराठी करून दाखवलं. ते तिनं मोठ्यानं वाचलं:

"चिमणी अडकली आहे. चिमणी मोकळी करा. तोपर्यंत पेटवू नका."

सगळ्यांनी वाकून माझ्याकडे बघितलं.

"चिमणी?" धन्यकुमार म्हणाले.

"आगं बया!" चंपाबाईंनी छातीला हात लावला. "मुकं पाखरू आत, आन् तुमी जाळ लावताय व्हय रं? सक्काळधरनं? आपल्या घरात पानी गाळून पित्यात, आन् हितं जित्ती चिमणी भाजताय?"

मित्रांनो, यांच्या दारातून उसाच्या फडापलीकडे साखर कारखान्याची चिमणी दिसते. तिला हे सगळे चिमणीच म्हणतात. ती दाणे टिपत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी एकालाही ती आठवली नाही.

गाद्या बाहेर आल्या. फळ्या निघाल्या. पलंगाखाली एका वाटीत जोंधळे आणि एका वाटीत पाणी ठेवलं गेलं. आर्जवनं मोबाइलवर चिमण्यांचा चिवचिवाट लावला. तो ऐकून बाहेरची एक चिमणी दारातून आत आली, तिनं जोंधळे खाल्ले, माझ्यावर बसून जे करायचं ते केलं आणि उडून गेली.

"मोकळी झाली!" धन्यकुमारांनी हात जोडले.

मला पेटवलं. सातव्या मिनिटाला मी विझलो.

"आता काय," आर्जव म्हणाला, "जोडीनं राहत हुत्या का काय?"

मग गुंडा मिस्त्रीला बोलावलं. गुंडा मिस्त्री पाण्याच्या मोटारी, गिझर, मिक्सर सगळं दुरुस्त करतो. पलूसच्या एका दातांच्या डॉक्टरची खुर्चीही त्यानं चालू केली आहे, आता ती फक्त खाली येत नाही. त्यानं माझं पोट उघडलं, सुईकडे बघितलं आणि निकाल दिला.

"ह्यो सेन्सर खुळा झालाय. डायरेक्ट करून टाकतो."

मित्रांनो, 'डायरेक्ट' हा शब्द नीट ऐकून ठेवा. यंत्रातला जो भाग 'थांबा' म्हणतो, त्याला बाजूला काढून दोन वायरी एकमेकींना जोडायच्या, याला डायरेक्ट करणं म्हणतात. मग ते यंत्र कधीच थांबत नाही. मीही थांबलो नसतो. उद्या महाबळेश्वरला खिडक्या लावून चौघं झोपली असती, मी गुमान जळत राहिलो असतो, आणि सगळा धूर आत. वर लोक म्हणाले असते, बघा, हीटरनं घात केला!

मी लुकलुकलो. तीनदा. पुन्हा तीनदा.

"ही लाइट बी काढू काय?" गुंडा मिस्त्रीनं विचारलं. "उगंच डोळ्यावर येतीया."

एक वायर त्यानं पिळली होती. दुसरी त्याच्या चिमटीत होती.

पण चंपाबाईंचं समाधान झालं नव्हतं. त्या बाहेर गाडीभोवती पत्र्याला हात लावत फिरत होत्या. "ती आली ती जेवायला आली हुती," त्या पुटपुटत होत्या. "आडकलेली येगळीच हाय. आडकलेली कशाला दारातनं येईल?" त्या दिवशी गावात एवढा साधा विचार करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून त्या ऐकत होत्या. गाडीच्या डाव्या कुशीला माझ्या नळाशी त्यांनी कान लावला आणि आत बारीक गुंईं गुंईं ऐकू आलं.

"कण्हतीया!" त्या ओरडल्या. "आरं थांबा! गुंड्या, सोड ती वायर! आजून जित्ती हाय!"

त्यांच्या आवाजानं गुंडा मिस्त्रीच्या हातून वायर सुटली. तो बॅटरी घेऊन बाहेर गेला, नळात उजेड टाकला आणि हसायला लागला. "आवं आज्जी, चिमणी कुठली! कुंभारीण माशी हाय. मातीचं घर बांधाय लागलीया. लिंपून लिंपून आख्खा नळ बुजवलाय बघा, धूर जायाला बी वाट..."

इथं त्याचं हसणं थांबलं. त्यानं आत माझ्याकडे बघितलं. मग पिळलेल्या वायरीकडे.

"तर काय झालं आसतं?" धन्यकुमारांनी विचारलं.

"काय न्हाई," गुंडा मिस्त्री म्हणाला, आणि तिथंच पायरीवर बसून तांब्याभर पाणी एका दमात प्याला. "कायसुदिक न्हाई."

काही घडलं नाही, हे तिथंच ठरलं. पिळलेली वायर त्यानं स्वतःच सोडवून सुई जागेवर बसवली. माझी क्षमा मागितली नाही.

भाग्यश्रीनं पुस्तकाकडे बघितलं, मग फडापलीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "आवं, चिमणी म्हंजे धुराडं! कारखान्याला आसतंय तसलं!"

सगळे कारखान्याच्या चिमणीकडे बघत राहिले, जणू ती आजच उभी केली आहे.

चंपाबाईंना मात्र भलताच आनंद झाला होता. "कुंभारीण घर करतीया म्हंजे पाळणा हालणार," असं म्हणून त्यांनी आपला उरलेला डोळा नातसुनेकडे वळवला.

"आज्जी, ती हीटरात आलीया," भाग्यश्री म्हणाली. "पाळणा हालला तर त्याचा हालंल."

गुंडा मिस्त्रीनं स्क्रूड्रायव्हरनं माती खरवडायला घेतली, तर चंपाबाईंनी त्याचा हात धरला. आत पिलं असतील. घर मोडायचं नाही. "मग महाबळेश्वरला न्हेऊ नका मला, हितंच बसती," असं त्या म्हणाल्या. त्यांची एका डोळ्याची शेवटची थंडी, आणि ती त्या एका माशीसाठी सोडायला तयार! शेवटी नळच्या नळ उलगडून काढला आणि मातीच्या घरासकट बेदाण्याच्या शेडमध्ये फडक्यानं टांगला. माझ्यासाठी गुंडा मिस्त्रीनं नवा नळ आणला आणि तोंडाला जाळी बसवली. त्या संध्याकाळी मला पेटवलं. सात मिनिटं झाली, सत्तर झाली. मी जळत होतो.

आम्ही महाबळेश्वरला गेलो. उजाडताना चंपाबाई घोंगडं पांघरून गाडीतून उतरल्या, वाकल्या, गवतावरचा पांढरा थर बोटानं टोकरला आणि म्हणाल्या, "आरं, येवढंसंच व्हय?" मग ऊन येऊन त्याचं सगळं पाणी होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. कुणी हाक मारली नाही. गाडीत येऊन त्यांनी ओलं बोट माझ्या जाळीवर सुकवलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील.

"चिमणीचंच उपकार," चंपाबाई म्हणाल्या.

आता सगळ्या कुंडलला ठाऊक आहे की चंपाबाईंना एका चिमणीनं सावध केलं. पलंगाखालच्या वाटीत रोज जोंधळे पडतात. गेल्या महिन्यात लोक ती वाटी बघायला आले होते. ती बघताना एका पाहुण्यानं आपले मोजे माझ्या जाळीत ठेवले.

मित्रांनो, यंत्र थांबलं तर त्याला मारण्याआधी विचारा, का थांबलास? त्याचा नळ साफ ठेवा, त्याचं पुस्तक काट्याखाली घालू नका, आणि कुणी 'डायरेक्ट करतो' म्हणाला तर त्याला पाणी देऊन घरी पाठवा. एवढं बोलून मी रीतसर अर्ज करतो.

प्रति, मा. सक्षम अधिकारी, जे कोणी असतील ते. विषय: विझण्याच्या कालावधीबाबत. महोदय, अर्जदार हा सदर दिवशी एकूण अकरा वेळा विझलेला असून, हे विझणे कामचुकारपणा किंवा खुळेपणा या सदरात न धरता 'कर्तव्यावर हजर' असे धरण्यात यावे, तशी नोंद अर्जदाराच्या सेवापुस्तकात पूर्वलक्षी प्रभावाने घेण्यात यावी, आणि अर्जदारास सेवापुस्तक नसल्यास ते प्रथम उघडण्यात यावे, ही नम्र विनंती.