तिसरं कडवं

मावशीच्या दुकानात शिरलं की आधी गरम इस्त्रीचा वास येतो आणि मग, कपड्यांच्या ढिगामागे, मावशी दिसते. त्या दिवशी ती एका कोटाच्या अस्तराशी झटत होती. ओठांत टाचण्या धरलेल्या. टाचण्यांसकट ती व्यवस्थित बोलते, गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली आहे.

“शनिवारी टाउन हॉलला यायचं,” ती म्हणाली. “चौथ्या रांगेतली कडेची खुर्ची. ताईची.”

“मला नाही जमायचं, मावशी.”

“जमायचं काय त्यात? बसायचंय नुसतं. बसणं तर तुझा धंदाच आहे.”

मी भाषांतरं करते. ते खुर्चीत बसून करायचं असल्यामुळे आमच्या घरात त्याला अजून काम असं कुणी म्हणालेलं नाही. मावशी मला लहानपणापासून वाळवी म्हणते, पुस्तकं खाते म्हणून.

आमच्याकडे नगरपालिका दरवर्षी त्या वर्षी निवृत्त झालेल्यांचा सत्कार करते. पाणी सोडणारे, रस्ते झाडणारे, दवाखान्यातल्या परिचारिका, कारकून. भाषणं होतात, अग्निशमन दलाचा बँड वाजतो, शाळेच्या मुली गातात आणि सगळ्यांत शेवटी मावशी गाते. गाणं ठरलेलं आहे. दिवसभर राबून संध्याकाळी घरी परतणाऱ्या माणसांचं, तीन कडव्यांचं. माझ्या जन्माआधीपासून ती ते गाते आहे. ती काही गायिका नव्हे, कपडे शिवून पोट भरणारी बाई आहे. पण वर्षातल्या त्या एका संध्याकाळी ती पियानोशेजारी उभी राहिली की हॉलमधलं खोकणंसुद्धा थांबतं.

आणि दरवर्षी चौथ्या रांगेत आई बसायची. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका शोधणं हा तिचा पेशा होता आणि स्वभावही. कार्यक्रम संपला की आई आणि तिची ‘छोटी’, म्हणजे मावशी, बसच्या थांब्यापर्यंत चालत जायच्या आणि त्या वाटेवर निकाल लागायचा. दुसऱ्या कडव्यात घाई केलीस. अमुक शब्दावर श्वास तुटला. समेवर येताना पियानोवाल्याच्या तोंडाकडे कशाला बघत होतीस? निर्दोष झालं असेल तर आई म्हणायची, “चूक सापडली नाही.” यापुढचं कौतुक तिच्याजवळ नव्हतं.

पुष्कळ वर्षांपूर्वी मावशीने तिच्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. आवाज जाईल तेव्हा मला तू सांगायचंस. लोक सांगणार नाहीत, लोक टाळ्या वाजवतात. कार्यक्रमानंतर समितीचे सचिव ‘पुढच्या वर्षी आहातच ना?’ असं विचारत, तेव्हा मावशी ‘उद्या कळवते’ म्हणायची. ते उद्या म्हणजे आई.

आई या हिवाळ्यात गेली.

“आता तू सांगायचं,” मावशी म्हणाली.

“मला गाण्यातलं काय कळतं?”

“ताईला तरी काय डोंबल कळायचं? तिला चूक कळायची. तीच खोड तुला आहे.”

“आणि मी थांब म्हटलं तर?”

“तर थांबेन.” तिने ओठांतली शेवटची टाचणी काढून अस्तराला टोचली. “पण खोटं बोललीस तर तंगडं मोडेन.”

शनिवारी मी वेळेआधी जाऊन बसले. खुर्ची थोडी डुगडुगत होती. आईने त्याबद्दल कधी काही सांगितलं नव्हतं. बहुधा तिने तेही समितीला लेखी कळवलेलं असेल. माझ्या शेजारी एक गुबगुबीत बाई येऊन बसल्या. त्यांच्या यजमानांचा सत्कार होता आणि त्या आल्या आल्या बोलायला लागल्या.

“आमचे हे पाणी सोडायचे. अख्ख्या गावाला सोडलं. आता घरात बसल्यापासून मला एक नळ मोकळेपणी सोडू देत नाहीत. तुमचं कोण?”

“मावशी गाते आहे.”

“अगबाई, त्या तुमच्या मावशी?” त्यांनी मला नीट न्याहाळलं. “मग तुमची आई म्हणजे…” त्या थांबल्या आणि त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो मऊ आणि गरम होता आणि पुढचा तासभर त्यांनी तो अधूनमधून परत ठेवला.

बँड सुरू झाला. मध्ये एके ठिकाणी वादक दम घ्यायला थांबतात. लोकांना वाटलं संपलं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडमास्तरांची पाठ आमच्याकडे होती. ती पाठ ताठ झाली, मग त्यांनी काठी वर केली आणि वाजवणं पुढे चालू केलं. लोक ओशाळले. पुढे खरोखर संपलं तेव्हा कुणाची टाळी वाजवायची हिंमत होईना. शेवटी शेजारच्या बाईंनीच सुरुवात केली. “वाजवा हो,” त्या मागे वळून म्हणाल्या, “बिचारे घामाघूम झालेत.”

मग मुली आल्या. सगळ्यांत छोटीने तिची आई शोधून काढली आणि गाणं संपेपर्यंत ती तिला हात करत राहिली. डावीकडे एक उंच मुलगी होती, तिचा आवाज बाकीच्यांच्या वर तरंगत होता, आणि तिला ते कळतही होतं. आई असती तर म्हणाली असती, हिला जरा पाय जमिनीला टेकवायला सांगा. मला हे ऐकू आलं, आईच्या आवाजात, आणि मी पुढच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिले.

सत्कार झाले. हार, शाली, हस्तांदोलनं. पाणी सोडणाऱ्या गृहस्थांनी बोलायला नकार दिला आणि त्यांना सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

मग सचिव मावशीचं नाव पुकारायला माइकपाशी आले. “दरवर्षी चौथ्या रांगेत बसणाऱ्या त्यांच्या भगिनी यंदा आपल्यात नाहीत,” ते म्हणाले. डोकी वळली. माणसं वाईट नव्हती, त्यांना फक्त बघायचं होतं की मी रडते आहे का. शेजारच्या बाईंनी पर्स उघडून रुमाल तयार ठेवला.

मावशी राखाडी शाल सारखी करत पियानोशेजारी उभी राहिली. तिने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि नजर दाराच्या वरच्या घड्याळाकडे नेली. ती नेहमी तिथेच बघून गाते.

पहिलं कडवं तिने अगदी साधं म्हटलं, कुणाला तरी वाट सांगावी तसं. दुसऱ्यात थकलेल्या पावलांचं वर्णन आहे. ते मी तिच्याकडून कितीदा ऐकलं असेल, पण इतकं सावकाश, इतकं अंगावर येणारं कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो दोघी. मग तिसरं आलं. त्यात लांबून घराची खिडकी दिसते आणि त्या शब्दावर चाल एकदम उंच चढते. सगळं गाणं त्या एका जागेसाठी आहे. मावशीने श्वास फार लवकर घेतला. ती वर गेली, आवाज दोऱ्यासारखा बारीक होत गेला आणि तुटला. तिने चटकन खालचा स्वर धरला, पियानोवाल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी ती फट बुजवली, आणि गाणं पुढे सरकून संपलं.

हॉलला वाटलं, बहिणीच्या आठवणीने कंठ दाटून आला. कुणीतरी हुंदका दिला. मग पुढची रांग उठली, मागची उठली, सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. शेजारच्या बाई ओक्साबोक्शी रडत होत्या. रुमाल त्यांनी माझ्या हातात कोंबला होता, त्यामुळे त्यांना स्वतःला तो नव्हता; मी तो परत दिला. कोरडाच होता. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता रडता येत नाही हे मला त्या दिवशी समजलं.

रंगमंचामागे एक लहान खोली आहे. रचलेल्या खुर्च्या, एक आरसा, बँडच्या वाद्यांच्या रिकाम्या पेट्या. मावशी कोमट पाणी पीत बसली होती. तिने दार लावायची खूण केली.

“बोल.”

“छान झालं,” मी म्हणाले.

तिने पेला खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

“छान झालं, मावशी. लोक उभे राहिले.”

“लोकांचं सोड.” तिचा आवाज एकदम खाली आला. “गेल्या वर्षी ताई पण हेच म्हणाली होती.”

गेल्या वर्षी आई रुग्णालयात होती. काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, हॉलमध्ये फोन उंच धरला होता आणि इकडे मी आईच्या कानाशी. गाणं झाल्यावर मावशी फोनवर आली आणि आई म्हणाली, “छान झालं.” मला ते दोघींमधलं गोड काहीतरी वाटलं होतं.

“आयुष्यात मला ती छान म्हणाली नव्हती,” मावशी म्हणाली. “लहानपणी नाही, लग्नात नाही, कधी नाही. फोन ठेवला आणि मी ह्याच खोलीत बसून राहिले. मला कळेना, माझा आवाज संपला की तीच संपत आलीय. माझ्या चुकीवर पांघरूण घातलंन, का तिला चूक ऐकूच आली नाही. आजारी माणसाला विचारणार कसं? तुझा कान गेला का गं ताई, असं? वर्षभर डोक्यात तेच घेऊन मशीन चालवतेय. आणि आता तू पण छान म्हणतेस.”

बाहेर खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते.

“पहिलं कडवं बरोबर होतं,” मी म्हणाले. “दुसऱ्यात चूक नव्हती. दुसरं तू इतकं चांगलं कधीच म्हटलेलं नाहीस. तिसऱ्यात श्वास आधी घेतलास आणि खिडकीवर आवाज तुटला. मग तू खाली आलीस, पण त्याआधी तुटला होता. लोकांना वाटलं तुला रडू येतंय.”

“आणि तुला?”

“मला तसं नाही वाटलं.”

“येत नव्हतंच. त्या स्वराच्या मागे धावत होते मी, रडायला फुरसत कुणाला.” ती जरा हसली. “गेल्या वर्षी पण तिथेच चिरकला होता. एवढा नाही, थोडासा. मग? थांबू?”

मी दुसऱ्या कडव्याचा विचार केला. असं सांगता आलं असतं की हे गाणं सोड, दुसरं सोपं गा, खालच्या पट्टीत गा. पण तिने ते विचारलं नव्हतं. तिला ते स्वतःलाही सुचलं असणार.

“थांब, मावशी.”

तिने मान हलवली. शाल काढून घडी घातली, घडी मोडून परत घातली.

दार वाजलं. सचिव पुष्पगुच्छ घेऊन आत आले, डोळे लालसर. “आज कहर केलात. माझी बायको रडली हो. तिच्या स्वतःच्या लग्नात रडली नव्हती. पुढच्या वर्षी आहातच ना?”

“नाही.”

“म्हणजे उद्या कळवताय.”

“आजच कळवतेय. नाही.”

“अहो, असं काय करता? सगळा हॉल उभा होता.”

“गाणं शेवटचं होतं, घरी जायला उठले असतील,” मावशी म्हणाली. “त्या शाळेतल्या मुलींत डावीकडे एक उंच पोर आहे, तिला विचारा. तिला दम आहे. इतरांचं ऐकायला शीक म्हणावं, बाकी सगळं आहे तिच्याकडे.”

सचिवांनी मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. “तुम्ही तरी समजवा त्यांना.”

“मीच सांगितलंय तिला,” मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू या घरात सगळ्याच बायका अशा आहेत हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं असावं. पुष्पगुच्छ खुर्चीवर ठेवून ते गेले.

आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो. दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर मावशी थांबली. ऊन अजून होतं.

“ताईला कळलं होतं का गं? गेल्या वर्षी?”

हो म्हणणं सोपं होतं. मी गेले काही महिने भेटायला येणाऱ्यांकडून अशा पुष्कळ सोप्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यांना शांत मरण आलं, त्यांना काही कळलं नाही, त्या आता सुटल्या.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “तिने मला काही सांगितलं नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ डोळे मिटून होती. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, छोटीला परत फोन लाव. मी लावायला घेतला, तर म्हणाली, राहू दे. आज नको.”

“आज नको म्हणाली?”

“हो. दमली होती, असं वाटलं मला.”

“नक्की हेच शब्द?”

“हेच. राहू दे. आज नको.”

मावशी पायरीवर बसली. शालीची घडी तिने मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“म्हणजे ऐकलं होतं तिनं,” ती म्हणाली. “सगळं ऐकलं होतं, चूक सांगायलाच परत फोन हवा होता तिला. शेवटपर्यंत ती तीच होती.” आणि मग ती रडायला लागली, आईच्या जाण्यानंतर माझ्यासमोर पहिल्यांदा. आवाज न करता, खांदे हलवत. मी तिच्या शेजारी बसले. एवढ्या महिन्यांत मला जे जमलं नव्हतं ते मग मलाही जमलं.

थोड्या वेळाने हॉलचा शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला. आम्हाला बघून तो घुटमळला.

“बाई, बंद करायचं होतं.”

“करा की,” मावशी नाक पुसत म्हणाली. “आमचं काही राहिलेलं नाही आत.”