दादाचा जनरेटर

बेबीने दोरीला हिसका दिला. जनरेटर नुसता फुसफुसला आणि गप्प झाला. तिने पदर खोचला, पाय रोवला आणि पुन्हा ओढली. काही नाही.

"लागला का गं?" आतून आईने विचारलं. शब्दांपेक्षा धापच जास्त ऐकू आली.

"लागतोय. तू बोलू नकोस, पडून राहा."

"दादाचा आहे तो. दगा नाही द्यायचा."

बेबीने पाना हातात घेतला.

पन्नाशीकडे झुकली तरी घरात ती बेबीच राहिली होती. दिवसभर शाळांचे गणवेश शिवायचे आणि आईचं करायचं, यात लग्नाचं वय निघून गेलं. कुणी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. मग आईची फुप्फुसं थकली, नाकाला नळी लागली, उशाशी ऑक्सिजनचं मशीन आलं. वीज गेली की ते बंद. म्हणून दादाने जनरेटर पाठवला. दादाने आईसाठी केलेलं हे एकच काम, पण आईला ते आयुष्यभर पुरलं. येईल त्याला ती सांगायची, "मुलगा लांब आहे, पण माझा श्वास त्यानेच धरून ठेवलाय."

पाठवल्यानंतर जनरेटरकडे दादाने पुन्हा बघितलं नव्हतं. त्याचा धूर घरात शिरला तर माणूस झोपेतच जायचा, म्हणून तो मागच्या अंगणात, खिडकीपासून लांब, पत्र्याखाली ठेवायची जागा बेबीनेच ठरवली. तेल बदलणं, प्लग घासणं, फिल्टर धुऊन वाळवणं, सगळं तीच करायची. जनरेटर बसवून देणाऱ्या मिस्त्रींनी तिला शिकवताना बजावलं होतं, "ताई, याला नुसता ठेवू नका. वीज असली तरी अधूनमधून चालवत राहा, नाहीतर ऐन वेळी हात वर करेल." बेबीने त्याला कधी हात वर करू दिले नव्हते.

पण दादाने नव्या दुकानाच्या उद्घाटनाला तो नेला. "एका दिवसाचा तर प्रश्न आहे. चार मोठी माणसं येणार आणि वीज गेली तर माझी शोभा होईल."

"आणि इथे गेली तर?" बेबीने विचारलं होतं.

"नेऊ दे गं," आईच म्हणाली होती. "त्याचाच आहे."

एका दिवसाचे बरेच दिवस झाले. काल संध्याकाळी टेम्पोवाल्याने तो अंगणात आणून टाकला. सकाळी नीट बघू, असं बेबीने मनाशी म्हटलं, पण सकाळी गणवेश न्यायला माणूस आला. आणि आता भर दुपारी वीज गेली होती. आईला छोटा सिलिंडर लावला होता, पण त्याचा काटा लाल पट्टीवर उतरत होता. तो बदलून देणाऱ्याचा फोन लागत नव्हता.

तिने प्लग काढला, इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. ठिणगी नाही. एरवी तिने प्लगलाच दोष दिला असता, पण मिस्त्रींचं बोलणं आठवलं. तेल कमी झालं की हे मशीन स्वतःला वाचवायला ठिणगीच बंद करतं. तिने तेलाची काडी बाहेर काढली. टोकाला डांबरासारखा काळा थेंब होता, बाकी कोरडी ठणठणीत. म्हणजे तिकडे तेल न बघता रात्रंदिवस पिदडला होता.

फडताळातल्या डब्यातलं तेल तिने ओतलं, प्लग परत बसवला आणि दोरी ओढली. जनरेटर धडधडला! पण लगेच आवाज चढायला लागला, पडायला लागला, पुन्हा चढला आणि विझला.

टाकीचं झाकण उघडून तिने वास घेतला. पेट्रोलला रॉकेलचा वास येत होता. तिने दादाला फोन लावला.

"दादा, यात काय घातलं होतंस?"

"मला काय माहीत? पोरांनी भरलं. इथे मस्त चालत होता की!"

"इथे वीज गेलीये. आईचा सिलिंडर संपत आलाय."

"मग मिस्त्रीला बोलाव ना. मी इथे गिऱ्हाईक सोडून काय करू? आणि खरं सांगू का बेबी, तुझ्या हातात कुठली वस्तू धड राहत नाही."

तिने फोन ठेवला. मिस्त्री परगावी होते. शेजारचे कंडक्टरकाका भिंतीवरून डोकावले.

"काय झालं गं?"

"काका, तुमच्या स्कूटरमधलं पेट्रोल हवंय."

काकांनी कशाला, किती, काही विचारलं नाही. नळी आणि बाटली घेऊन स्कूटरकडे वळले.

बेबीने टाकी बादलीत रिकामी केली. कार्बोरेटरखालची वाटी सोडवली. तळाला पाणी आणि गाळ साचला होता. आतलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी जेट काढून तिने उजेडात धरलं. भोकातून उजेड दिसत नव्हता. सुई घातली की भोक मोठं होतं, हे तिला ठाऊक होतं. तिने वायरची एक बारीक तार उपसून काढली आणि हलक्या हाताने आतून फिरवली. शिवणाऱ्या बाईचा हात, तो थरथरत नव्हता. आतून आईची हाक येईनाशी झाली होती.

"काका, आत बघा जरा!"

काका आत गेले आणि तसेच बाहेर आले. "ओठ निळे पडलेत गं. आटप."

तिने वाटी बसवली, काकांनी बाटली टाकीत रिती केली. चोक ओढला, दोरी ओढली. जनरेटर एकदा खाकरला आणि लागला. हळूहळू तिने चोक आत ढकलला, तसा आवाज एका सुरात आला. वायर जोडून ती आत धावली. उशाशी मशीन घरघरू लागलं होतं. आईला टेकवून बसवून ती तिची पाठ चोळत राहिली. बऱ्याच वेळाने ओठांवर रंग आला.

"फोन दे," आई म्हणाली.

बेबीने फोन लावून दिला आणि हात धुवायला मोरीत गेली. पेट्रोलचा वास साबणाला दाद देत नव्हता. बाहेरच्या खोलीतून आईचा तुटक आवाज येत होता.

"तू नसतास... तर आज गेले असते रे... तुझ्या जनरेटरने... वाचवलं."

काका उंबऱ्यात उभे होते. त्यांनी बेबीकडे बघितलं, मग खाली बघत रिकामी बाटली उचलली आणि निघून गेले.

आई त्यानंतर काही महिन्यांनी गेली. दवाखान्यात गेली, सगळे दिवे चालू असताना. भेटायला आलेल्यांना दादा भरल्या डोळ्यांनी सांगत होता, "शेवटपर्यंत श्वासाला कमी पडू दिलं नाही मी." सगळे माना डोलवत होते. बेबी पाणी आणून देत होती.

जाताना त्याने टेम्पो बोलावला.

"आता तुला काय उपयोग याचा? दुकानात कामाला येईल."

"दादा, त्या दुपारी काय झालं होतं ते तुला—"

"आता कशाला ते? झालं गेलं." तो टेम्पोवाल्याला हातवारे करू लागला. "चालू आहे ना पण?"

"चालू आहे," बेबी म्हणाली.

तिने टाकी रिकामी करून दिली. नवं तेल घातलं, प्लग घासून बसवला, वाटेत हिंदकळू नये म्हणून खाली जुन्या कापडाची घडी दिली. वहिनी म्हणाली, "किती मन लावून करता हो वन्सं!" आणि गाडीत जाऊन बसली.

पुढे कितीतरी दिवस दादाचा फोन आला नाही. आला तो एका सकाळी. बेबी कॉलर जोडत होती.

"बेबी, अगं, वीज गेलीये. दुकान गिऱ्हाइकांनी भरलंय आणि हा लागत नाहीये!"

कशी आहेस, हे त्याने विचारलं नाही. बेबीने कॉलर मांडीवर ठेवली. फोन ठेवून द्यावा असं तिला वाटलं, अगदी बोट बटणापर्यंत गेलं.

"तेलाची काडी बघितलीस?" ती म्हणाली.

"कुठे असते ती?"

तिने सांगितलं. मग पेट्रोलची चावी कुठल्या बाजूला फिरवायची ते सांगितलं. चावी बंदच होती.

"आता चोक बाहेर ओढ. दोरी आधी हळू, अडकली की मग जोरात."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मग धडधड सुरू झाली आणि लोकांचा गलका उठला.

"वा शेठ! तुम्हाला यातलंही कळतं?" कुणीतरी विचारलं.

"न कळून काय करतो? आईसाठी वर्षानुवर्षं मीच सांभाळलाय हा."

फोन तसाच चालू होता. बेबी ऐकत राहिली. इंजिन जड चाललं होतं, अडखळत होतं. चोक बाहेरच राहिला होता, काळा धूर येत असणार.

"चोक आत ढकल, दादा," ती म्हणाली.

पलीकडे फोनला कुणाचा कान नव्हता. मग आणखी एकदा, जरा मोठ्याने, "चोक आत ढकल," म्हणाली आणि तिने फोन बंद केला.