जिन्याखालचे दोन मीटर

माझा नवरा एम्लिन गेला, त्यानंतर घरातली वीज निम्म्याने कमी जळायला हवी होती. टीव्ही लावून त्याच्यासमोर घोरणारा माणूस नाही, दिवसातून नऊ वेळा चहाची किटली लावणारा नाही, अर्धा अर्धा तास गरम पाण्याखाली गाणारा नाही. उरले मी एकटी. पण वीज कंपनी दर महिन्याला माझ्या बँकेतून परस्पर जी रक्कम उचलते, ती अडुसष्ट पौंडांची चौऱ्याण्णव झाली, मग एकशे एकोणतीस, आणि जानेवारीत पत्र आलं की पुढच्या महिन्यापासून एकशे एक्याऐंशी. खाली लिहिलेलं, 'आपल्या वापरानुसार'.

माझा वापर मला ठाऊक आहे. तीस वर्षं मी शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलं. कुठली शेगडी किती खाते हे मला न बघता कळतं. सकाळी एक तास हीटर, संध्याकाळी एक तास. बाकीचा वेळ अंगात एम्लिनचा जाड कोट आणि मांडीवर गरम पाण्याची पिशवी. डिसेंबरपासून खोकला लागला होता, तो जाईना. डॉक्टरीणबाई म्हणाली, "घर उबदार ठेवा." मी विचारलं, "बिल तुम्ही भरता का?" हसावं की नाही ते तिला कळलं नाही. एकशे एक्याऐंशी गेले असते तर मला तो दोन तासांचा हीटरही बंद करावा लागला असता, आणि त्या छातीने मी मार्च बघितला असता असं मला वाटत नव्हतं.

आमचं घर म्हणजे एकाच जुन्या घराचे दोन भाग. वर मी, खाली डिल्विन आणि त्याची बायको नेस्टा. आमच्या या दरीतली बरीच घरं अशीच चिरलेली आहेत. वर्षापूर्वी, एम्लिन जाऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, कंपनीचा माणूस आला आणि जिन्याखालच्या कपाटातले दोन्ही जुने मीटर काढून नवे बसवून गेला. कुणाचा कुठला ते मीटरवरच्या नंबरावरून ओळखायचं. आणि आकडा दर महिन्याला आपणच वाचून कळवायचा, कारण कंपनीला अंदाज करायला वाव दिला तर तो अंदाज कधी आपल्या बाजूने येत नाही.

त्यामुळे पहिल्या तारखेला सकाळी दहा वाजता आम्ही दोघं त्या कपाटात. डिल्विनच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायची मी, दोघांचंही. तो टॉर्च धरायचा आणि वहीत लिहायचा. जानेवारीच्या पहिल्या तारखेला मी वाचलं, मागच्या महिन्यापासून माझी सहाशे दहा युनिट झाली होती. त्याची नव्वद.

"अगं आयर्लिस, वर बेकरी काढलीस की काय?" डिल्विन म्हणाला.

"माळ्यावर गांजा लावलाय. तू पोलिसांना सांगू नकोस, अर्धा तुला देते."

"चेष्टा नाही करत मी. दिवे मालवत जा खोलीतून निघताना. एम्लिनने तुला लाडावून ठेवलं होतं."

"बरं बाबा."

आता तुम्ही म्हणाल, बाई, तुला तेव्हाच कसं कळलं नाही? खाली नेस्टा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. स्वतःचं नाव विसरलेली. तिच्या अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी, तिचा पंप चोवीस तास चालू. तिला सारखी थंडी वाजते म्हणून हीटर चालू. दिवसातून दोनदा चादरी भिजतात, त्या धुवायचं यंत्र, सुकवायचं यंत्र. एवढं सगळं नव्वद युनिटांत? पण नवरा गेल्यावर माणूस आकडे नुसते वाचतो, त्यांचा अर्थ लावत नाही. शिवाय डिल्विन जन्मभर रेल्वेच्या सिग्नलवर होता, कधी एक गाडी चुकवली नाही. तो काटकसरी आणि मी उधळी, हे मी मान्यच करून टाकलं होतं. खाली काखेत कळसा होता आणि मी गावाला वळसा घालत होते.

एकशे एक्याऐंशीचं पत्र आलं त्या आठवड्यात मी कंपनीला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा मला सांगण्यात आलं की रीडिंग मीच दिलंय, मग तक्रार कसली? चौथ्यांदा फोन लावला तेव्हा मी रांगेत एक्केचाळिसावी होते. सव्वा तासाने टॅम्सिन नावाची मुलगी बोलायला आली. आवाजावरून पंचविशीची. तिने पहिल्यांदा मला सगळं बोलू दिलं.

"मिसेस प्रॉबर्ट, एक करून बघाल का? घरातलं मेन स्विच बंद करा. मग खाली जाऊन तुमचा मीटर बघा. दिवा लुकलुकतोय का?"

मी मेन बंद केलं. फ्रिज गप्प झाला. मोबाइल कानाला लावून जिना उतरले, कपाट उघडलं. माझ्या नंबराच्या मीटरवरचा लाल दिवा धावत सुटल्यासारखा लुकलुकत होता. भिंतीपलीकडे डिल्विनचं कपडे सुकवायचं यंत्र घरघरत होतं. मी तशीच उभी राहिले. जरा वेळाने यंत्राने शिट्टी दिली, घरघर थांबली, आणि त्याच क्षणी माझा दिवा मंदावला. त्याच्या नंबराच्या मीटरवर काहीच हलत नव्हतं, कारण वर माझं सगळं बंद होतं.

"अदलाबदल झालीये," टॅम्सिन म्हणाली. तिलाही आनंद झाल्यासारखा वाटला. "मीटर बसवताना नंबर उलटे नोंदवले असणार. तुमचे जादा गेलेले पैसे परत मिळतील, मिसेस प्रॉबर्ट. आठशेच्या आसपास. शेजाऱ्यांचा पत्ता तोच ना, खालचा मजला?"

"आणि त्यांचं काय?"

"त्यांना वर्षाचा फरक भरावा लागेल. हप्ते देता येतात. आणि महिन्याची रक्कम अर्थातच वाढेल."

माझ्या डोळ्यांसमोर नेस्टा आली. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या. ती म्हणाली, तीन वाजता मी स्वतः फोन करते, तेव्हा हो म्हणा, मी लगेच नोंद करते.

मी दोन वाजेपर्यंत वर बसून राहिले. खरं सांगते, मला डिल्विनची कीव आली होती. बिचाऱ्याला हे सगळं एका दिवसात कळणार. त्याला कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवत होते, की यात तुझी चूक नाही, माझीही नाही, आपण दोघं मिळून काहीतरी मार्ग काढू. तशीच खाली गेले आणि दार वाजवलं.

खोलीत शिरल्याबरोबर ऊब चेहऱ्यावर आली. नेस्टा उशांना टेकून बसवलेली होती. डिल्विन चादरींच्या घड्या घालत होता. मी कोट न काढताच सांगितलं, "डिल्विन, आपले मीटर उलटे आहेत. मी वर्षभर तुझी वीज भरतेय."

त्याने घडी पुरी केली. चादर खुर्चीवर ठेवली. मी त्याच्याकडे बघत होते आणि त्याला काहीच धक्का बसला नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

त्याने चादरीवरची सुरकुती हाताने सपाट केली.

"कधीपासून?"

"एप्रिल." तो खिडकीकडे बघत म्हणाला. "एक सॉकेट बदलायचं होतं म्हणून मेन बंद केलं होतं. कपाटात डोकावलो तर माझा दिवा चालूच."

"एप्रिल."

"पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग पुढच्या महिन्यात आकडा आणखी मोठा झाला. मग इतका मोठा झाला की तोंड उघडायची सोय राहिली नाही. आयर्लिस, मी कुठून भरणार होतो? मी हिला थंडीत ठेवू?"

"आणि मला ठेवलंस ते?"

"तू कधी काही म्हणाली नाहीस."

"मी म्हणाले नाही? दर महिन्याला तुझ्यासमोर उभं राहून मी आकडे वाचत होते! आणि तू मला दिवे मालवायला सांगत होतास. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मग एकदम मला आठवलं, की ऑक्टोबरपासून दर रविवारी तो माझ्या दाराशी मटण आणि लीकच्या, म्हणजे जाड कांद्याच्या पातीच्या, रश्शाचं भांडं ठेवून जायचा. आणि मी मुलीला फोनवर सांगायचे, बघ, असा शेजार नशिबाने मिळतो.

"तो रस्सा," मी म्हणाले.

"हो."

"लाज कशी वाटली नाही रे तुला?"

"वाटत होती म्हणूनच तर आणत होतो."

मला खोकल्याची उबळ आली. आली ती थांबेचना. मी वाकले, पलंगाच्या कठड्याला धरलं. नेस्टाने मान वळवली. गेली दोन वर्षं तिने मला ओळखलेलं नाही, आणि तेव्हाही ओळखलं नसावं. पण तिने माझा कठड्यावरचा हात धरला आणि दचकल्यासारखी म्हणाली, "अगं बाई, केवढा गार हात. बाहेर होतीस का तू?" आणि तिने तो हात ओढून आपल्या पांघरुणाखाली घेतला, दोन्ही हातांत दाबून धरला. "राहू दे इथेच. लगेच बाहेर काढू नकोस."

तिचे हात ताज्या पावासारखे ऊन होते. माझ्या बोटांना इतकी ऊब नोव्हेंबरपासून मिळालेली नव्हती. बोटं दुखायला लागली. मला रडू आलं, आणि ते तिच्यासाठी, माझ्यासाठी की एम्लिनसाठी, हे मला कळलं नाही.

तीन वाजले. माझ्या खिशात फोन वाजला. तो डाव्या हाताने काढावा लागला, कारण उजवा नेस्टाकडे होता.

"मिसेस प्रॉबर्ट, टॅम्सिन बोलतेय. ठरवलंत का?"

डिल्विनने माझ्याकडे पाहिलं. तो मला काही म्हणाला असता, हात जोडले असते, तर मी कदाचित थांबले असते. किंवा तसं मला आज वाटतं. तो काहीच म्हणाला नाही. तो नुसता वाट बघत होता, आणि गेले नऊ-दहा महिने त्याने हेच केलं होतं.

"हो," मी म्हणाले. "मीटर उलटे आहेत. नोंद करा."

टॅम्सिनने विचारलं, खालच्या घरात कुणी आजारी आहे का, तसं असेल तर मदतीचा फॉर्म पाठवता येतो. मी म्हणाले, पाठवा, आजच पाठवा. किती दिवस लागतात? सहा ते आठ आठवडे, ती म्हणाली. मग ती मला माझे पैसे कधी जमा होतील ते सांगू लागली.

डिल्विन पुढे झाला. पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या हीटरपाशी जाऊन त्याने बटण फिरवून बंद केलं.

"राहू दे रे," मी फोन बाजूला धरून म्हणाले. "आजच्या दिवस राहू दे."

त्याने ऐकलं नाही. खुर्चीवरची घडी घातलेली चादर उचलून उलगडली आणि नेस्टाच्या पांघरुणावर टाकली. माझा हात अजून खालीच होता, त्याच्यावरही ती आली.