ही अशीच वाजते

माझ्या पोराला, एलिएसेरला दोन बायका आहेत, असं मी आमच्या डोंगरातल्या वियाल्बा गावात सगळ्यांना सांगते. एक नाशाली, चर्चमध्ये लग्न करून आणलेली. दुसरी ती लाल माझदा गाडी, वरच्या वस्तीतल्या त्याच्या दोस्ताच्या, चेओच्या अंगणातून साखळीने ओढून आणलेली. पहिलीला वाढदिवसाला फुलं मिळतात, दुसरीला रोज आंघोळ. दातांच्या ब्रशने हा तिच्या चाकांच्या खोबणी घासत बसतो. तिला कुणी टेकायचं नाही, बोटात अंगठी असेल तर दाराला हात लावायचा नाही, छपरावर कप ठेवायचा नाही. एकदा मी ओला टॉवेल बॉनेटवर टाकला, तर हा गृहस्थ आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता.

नुसतं पुसणं असतं तर मी म्हटलं असतं, करू दे बापडा. पण याने तिचं आतबाहेरचं सगळं बदललं. वजन कमी व्हावं म्हणून मागची सीट काढून टाकली. आतला आवाज अडवायला जे थर असतात तेही खरवडून काढले, तेही वजनासाठीच. सायलेन्सरच्या जागी एक नळकांडं बसवलं, ते सुरू झालं की शेजारच्या कोंबड्या छपरावर चढतात. काचा काळ्या केल्या. स्प्रिंगा अशा कडक की रस्त्यात पडलेली शेंगसुद्धा कंबरेला कळते. सुरुवातीला नाशाली त्याच्या शेजारी बसून विचारायची, "हे काय खडखडतंय?" आणि याचं ठरलेलं उत्तर, "ही अशीच वाजते. गाडीला काही झालेलं नाही, तूच भित्री आहेस." मित्रांसमोर तिची नक्कल पण करायचा, मान वेळावून, डोळे मोठे करून. सगळे हसायचे, मीही हसायचे. पुढे पुढे ती विचारायची बंद झाली.

जानेवारीत तीन राजांच्या सणाला खाली पोन्से शहरात गाड्यांचा मेळा असतो. त्याच्या आदल्या रविवारची गोष्ट. एलिएसेर सकाळपासून पोर्चमध्ये गाडीखाली आडवा होता. दुपारी नाशालीची छोटी गाडी घेऊन वरच्या वस्तीत चेओकडे गेला, "पाना आणतो, आलोच" म्हणून. मी आणि माझा नवरा मोंचो तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, रात्रीच्या भातासाठी. मोंचो मला चिडवत होता, की तुझ्या भाताला मीठ कमी असतं म्हणून तर मी इतकी वर्षं जगलो. बोलता बोलता त्याच्या हातातलं भांडं खाली पडलं. दाणे घरंगळत लाल गाडीखाली गेले. मी ओरडणार, तेवढ्यात त्याचा चेहरा पाहिला. पांढराफटक पडला होता आणि कपाळावर घाम डवरला होता.

"हात जड झालाय," एवढंच म्हणाला.

नाशालीने अँब्युलन्सला फोन लावला. त्यांची गाडी दुसऱ्या एका अपघाताकडे निघाली होती, वेळ लागेल म्हणाले. आमच्याकडे काळजाचं दुखणं म्हणजे खाली पोन्सेलाच न्यावं लागतं. पोर्चमध्ये गाडी एकच, ती.

"किल्ली कुठंय तिची?" नाशालीने विचारलं.

"अगं, तो जीव घेईल तुझा."

"घेऊ दे. तुम्ही पप्पांना धरा."

त्या खोलगट सीटमध्ये मोंचोला बसवताना आम्हा दोघींचा दम निघाला. मी मागे बसायला वाकले, तर मागे नुसता पत्रा. "तुम्ही कुठे बसणार, दोन्या मिंगा?" नाशाली म्हणाली, मला ती मानाने अशीच 'दोन्या' म्हणते, आणि दार लावून घेतलं. ते नळकांडं गरजलं. काळ्या काचेतून मला माझा नवरासुद्धा दिसला नाही. तो हात हलवत होता की नव्हता, देवाला ठाऊक.

ती गेली आणि थोड्याच वेळात एलिएसेर आला. खांद्यावर तो लांब पाना टाकलेला, तोंडाने शीळ घालतोय. रिकामा पोर्च बघून शीळ बंद झाली.

"आई, गाडी?"

"नाशाली पप्पांना घेऊन पोन्सेला गेलीय. छातीत दुखतंय त्यांच्या."

आता हा बापाचं विचारेल म्हणून मी वाट पाहिली. त्याने विचारलं, "चालवत नेली? स्वतः?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तिकडे तुझा बाप मरायला टेकलाय आणि तुला गाडीची पडलीय? लाज नाही वाटत? ओरखडा येईल म्हणून रडतोयस?"

"आई, चाकांचे नट आवळलेले नाहीत." त्याचा आवाज ओळखू येईना. "चारी चाकं काढून त्यांना चकाकीचा लेप लावला. नवे नट नुसते बोटांनी फिरवून ठेवलेत. आवळायचा पानाच चेओकडे होता. तोच आणायला गेलो होतो."

मला कळायला क्षणभर लागला. आमच्या घरापासून सपाटीपर्यंत सगळी वळणंच आहेत. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला काही नाही.

त्याने नाशालीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. "नाही ऐकू यायचा," तो म्हणाला. "त्या नळकांड्यापुढे फोन ऐकू येत नाही." मोंचोचा फोन टेबलावर, शेंगांच्या सालांत पडलेला होता.

आम्ही नाशालीच्या गाडीतून निघालो. मी तो पाना मांडीवर घेऊन बसले, चांगला जड होता. एक हात फोनवर, सारखा तोच नंबर. एलिएसेर वळणं अशी घेत होता की दाराची मूठ धरून धरून माझी बोटं वळली, पण हळू चालव म्हणायची छाती होईना. प्रत्येक वळणाला मी आधी कठडा बघायची. कुठे वाकलाय का, तुटलाय का, खाली झाडं मोडलीयत का. कठडा धड दिसला की एक श्वास, की पुढचं वळण. माणसाला इतकी भीती वाटू शकते हे मला या वयात कळलं. वादळात घराचं छप्पर गेलं होतं तेव्हाही माझं असं झालं नव्हतं.

आणि प्रार्थना तरी काय करायची? नाशाली, हळू जा म्हणावं तर मोंचोचं काळीज. जोरात जा म्हणावं तर ती चाकं. मेरीमातेचं नाव घ्यायचे आणि पुढे काय मागायचं तेच सुचेना. नुसतं नाव घेत राहिले.

"आवाज आला तर थांबेल ती," मी म्हटलं. "चाक सुटायला लागलं की आवाज येणारच ना? मूर्ख नाहीये ती."

एलिएसेरने ओठ दाताखाली धरला होता. मला वाटलं, ऐकलं नाही. मग माझं मलाच आठवलं तो आवाजावर काय म्हणायचा ते, आणि मी पुन्हा नंबर लावला.

खाली रस्त्याकडेला डुकराचं भाजलेलं मटण विकणारा एकजण असतो, त्याच्यापाशी ब्रेक दाबला. "लाल माझदा गेली का इथून?"

"गेली ना," तो सुरी पुसत म्हणाला. "काय गर्जना, बाबा. आम्ही सगळे उठून उभे राहिलो, पोरांनी मोबाइल काढले. तुझी का? सुंदर आहे रे."

"चाकं कशी होती?"

"पुढचं डावं जरा वाकडं, नाचत होतं. पण हल्ली तुम्ही लोक चाकं तिरकीच बसवता ना? आम्हाला वाटलं, स्टाइल आहे."

"थांबवायचं नाही का तिला?" मी खिडकीतून ओरडले.

"कशाला, दोन्या? आम्ही टाळ्या वाजवल्या."

तिथून पुढे सपाटीच्या जरा अलीकडे एलिएसेरने एकदम गाडी कडेला घेतली. रस्त्याच्या मधोमध काहीतरी चमकत होतं. त्याने ते उचललं आणि माझ्यापुढे हात उघडला. जांभळा नट. महिनाभर वाट बघून मागवलेले, पोर्चमध्ये बसून एकेक मला दाखवलेले, त्यातला एक. मला त्याला थोबाडावंसं वाटलं आणि पोटाशी धरावंसं वाटलं, दोन्ही एकदम. "चल, पोरा," एवढंच म्हटलं. "चल आता."

मोठ्या रस्त्यावर सगळ्या गाड्या वेगात. पुढे कुठे लाल दिवे दिसले, गर्दी दिसली, की मी त्यात लाल पत्रा शोधायची. एकदा खरोखरच गर्दी होती, कडेला एक गाडी आडवी आणि लोक जमलेले. मी डोळे मिटून घेतले. "ती पांढरी आहे, आई," एलिएसेर म्हणाला. दुसऱ्याच्या अपघाताचा मला आनंद झाला, देव मला क्षमा करो.

हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या दारासमोर ती उभी होती. लाल, चकचकीत, एक ओरखडा नाही. पुढचं डावं चाक बाहेरच्या बाजूला कललेलं. एलिएसेर तिथेच गुडघ्यांवर बसला. पाच नटांच्या जागी एक उरला होता. त्याने दोन बोटांनी फिरवला, तर तो हातातच आला.

मी आत पळाले. मोंचोला नेलं होतं, रक्ताची गुठळी होती, औषध दिलंय, वेळेत आणलंत, असं एका नर्सने सांगितलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं काही झालं नाही. मी समोरच्या बाकावर बसले. त्याच बाकावर नाशाली बसली होती, पर्स छातीशी घट्ट धरून. एलिएसेर येऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याच्या मुठीत ते दोन नट होते.

"चाक सुटत आलं होतं," तो म्हणाला. "तुला आवाज नाही आला?"

"आला की."

"कधी?"

"पहिल्या वळणापासून. आधी टकटक, मग खडखड. स्टीअरिंग हातात राहीना." ती अगदी साध्या आवाजात सांगत होती, बाजारातून काय आणलं ते सांगावं तशी. "पप्पा एवढ्या दुखण्यात विचारत होते, पोरी, हे काय वाजतंय, जरा थांब. मी म्हटलं, काही नाही पप्पा, ही अशीच वाजते. मीच भित्री आहे."

एलिएसेर तिच्या पायाशी फरशीवरच बसला. लोक बघत होते. मला दोघांनाही बरंच काही बोलायचं होतं, माझं तोंड काही गप्प बसणारं नाही, पण ते रस्त्यावरचे टाळ्या वाजवत होते, तशी मीही हसले होते ना त्या नकलेला.

मोंचोला ठेवून घेतलं. आत जाऊन भेटले तर म्हणाला, भाताला मीठ घातलंस का. ऊन उतरल्यावर आम्ही तिघं घरी निघालो, नाशालीच्या गाडीतून. लाल गाडी तिथेच राहिली. एलिएसेर चालवत होता, नाशाली त्याच्या शेजारी, मी मागे. चढ सुरू झाला तशी नाशाली बाहेर बघत म्हणाली, "आवाज येतोय."

मी कान दिले. मला काही ऐकू आलं नाही. पण एलिएसेरने गाडी कडेला घेतली, पाना घेतला, खाली उतरला. चारी चाकांभोवती फिरून एकेक नट तपासला. नट पुरता आवळलेला असला की तो पाना 'कट' असा वाजायचा. मग रस्त्यावर आडवा होऊन गाडीखाली बघितलं. परत येऊन बसला.

"काही सापडलं नाही," तो म्हणाला. "कसला आवाज होता?"

"कसलाच नाही. थांबतोस का ते बघत होते."

मला वाटलं, आता भडकणार. त्याने पाना पायाशी ठेवला आणि गाडी सुरू केली. घरापर्यंत नाशाली आणखी दोनदा म्हणाली, आवाज येतोय, आणि दोन्ही वेळा तो थांबला.