शेवटच्या डब्यातला डावा बूट

मी एक बूट बोलतोय. डावा. उजवाही आहे, इथेच शेजारी बसलाय, पण तो जन्मापासून मितभाषी. घरात एक बोलका आणि एक मुका असतोच, तसंच आमचं.

माझा जन्म एका छोट्या गावातल्या छोट्या दुकानात झाला. दुकान माझ्या बाबांचं. ज्यांनी मला कापलं, शिवलं, ठोकलं आणि उजेडात आणलं, त्यांना मी बाबा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सगळ्या गावाच्या पायांत बाबांचे बूट. आणि बाबांच्या स्वतःच्या पायांत? टाचेला भोक पडलेल्या, दोरीने बांधलेल्या सपाता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एके दिवशी त्यांनी कपाटातलं राखून ठेवलेलं कातडं काढलं, जमिनीवर कागद पसरला आणि त्यावर स्वतःचाच पाय ठेवून पेन्सिल फिरवायला लागले. तेवढ्यात आई चहा घेऊन आली.

"हा कोणाचा पाय?"

"माझा."

"बाई गं! आज सूर्य कुठे उगवला म्हणायचा?"

"शहरात जायचंय," बाबा खाली मान घालून म्हणाले. "तिची गाडी बघायला."

आईने चहाचा कप खाली ठेवला आणि पदराने डोळे पुसत आत गेली. मी तेव्हा नुसता कागदावरची रेघ होतो, त्यामुळे हे सगळं मला नंतर कळलं. दुकानात गोष्टी पुन्हा पुन्हा बोलल्या जातात.

तर 'ती' म्हणजे माझी ताई. बाबांची एकुलती एक मुलगी. दुकान तिने चालवावं असं बाबांना वाटायचं, आणि तिला वाटायचं गाडी चालवावी. तीही साधीसुधी नाही, मोठ्या शहरातली, जमिनीखालून धावणारी! परीक्षा दिली, पास झाली, नेमणुकीचं कळलं, त्या दिवशी बाबा म्हणाले, "जमिनीखाली उंदीर-घुशी राहतात. शहाणी माणसं नाहीत." बाबांची जीभ म्हणजे त्यांची रापी, चालली की कापणारच. ताईने बॅग उचलली आणि गेली.

भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. ताई सुट्टीत यायची, बाबांच्या औषधांची चौकशी करायची, दुकान झाडून द्यायची. बाबाही तिच्या आवडीचं आंबट काहीतरी आणून ठेवायचे. फक्त कामाचा विषय निघाला की बाबा खिडकीबाहेर बघायचे. मागच्या खेपेला जाताना ताई आईला म्हणाली, "आई, इतकी वर्षं झाली, पण मी तिथे नेमकं काय करते, असं बाबांनी एकदा तरी विचारलंय का गं?" आईने ते जसंच्या तसं बाबांच्या कानावर घातलं. त्यानंतरच ते कातडं कपाटातून निघालं.

बाबांनी मनाशी ठरवलं होतं ते एवढंच, की तिच्या गाडीत एकदा बसायचं आणि बसलो होतो हे तिला स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आधी कळवायचं मात्र नाही. "कळवलं की रजा टाकेल आणि मला बागा दाखवत फिरेल. मला बागा नाही बघायच्या." सकाळी पोचायचं, संध्याकाळच्या बसने परत. दुकान बंद ठेवायची सवय नव्हती ना!

आम्ही शहरात उतरलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं, आणि खरं सांगतो, माझी जीभ टाळ्याला चिकटली. बुटाची जीभ, पण चिकटली! एवढे पाय! मी जन्मल्यापासून दुकानात दिवसाला मोजके पाय बघितलेले. इथे पायांचा पूर आलेला. उंच टाचा, पांढरे बूट, चिखलाचे बूट, एका बाळाचे चेंडूएवढे मोजे. सगळे घाईत, आणि कोणी कोणाच्या पायावर पाय देत नव्हतं. बाबा थबकून बघत राहिले. ते लोकांचे चेहरे बघत नव्हते, बरं का. ते बूट बघत होते. "टाका बघ, टाका बघ," असं स्वतःशी पुटपुटत होते.

बाहेर उभ्या असलेल्या टॅक्सीवाल्याने विचारलं, "कुठे सोडू काका?"

"हिरव्या मार्गाचं शेवटचं स्टेशन."

"लांब आहे. बसा."

"नको. तुमच्या गाडीत बसायला नाही आलो मी," बाबा म्हणाले. टॅक्सीवाला बिचारा बघतच राहिला. त्याला काय माहीत!

मग आमची वरात निघाली. आधी पायी, मग ट्राममध्ये, मग चुकीच्या ट्राममध्ये, मग पुन्हा पायी. गावाकडे पत्ता विचारला की माणूस हातातलं काम टाकून घरापर्यंत सोडायला येतो. इथे माणूस चालता चालता बोट दाखवतो आणि निघून जातो, पण बोट बरोबर दाखवतो हेही खरं. एका फूलवालीने तर बाबांच्या तळहातावरच पेनने नकाशा काढून दिला. "घाम पुसू नका काका, नाहीतर स्टेशन पुसलं जाईल," म्हणाली.

आणि मग तो सरकता जिना. पायाखालची जमीन सरकणे हे मी ऐकून होतो, त्या दिवशी अनुभवलं. बाबांनी मला उचललं, मागे घेतलं. पुन्हा उचललं, पुन्हा मागे. मागे रांग लागली. उजवा माझ्या आयुष्यात पहिल्यांदा बोलला, "ठेव रे एकदाचा!" मी पायरीवर टेकलो आणि आम्ही जागचे न हलता खाली जायला लागलो. खाली, अजून खाली. बाबांनी कठड्याला घट्ट धरलं होतं. मला वाटलं, आता अंधार येणार, ओल येणार, उंदीर येणार.

खाली उतरलो तर लख्ख उजेड! चकचकीत फरशी, देवळाच्या सभामंडपासारखं उंच छत, आणि बोगद्यातून आलेला वारा. कुठेतरी दूर जमीन गुरगुरली आणि माझ्या तळातून बाबांच्या पोटऱ्यांपर्यंत ती थरथर चढली. मग दोन दिवे आले, त्यांच्यामागून गाडी आली आणि रेघेवर येऊन थांबली. एवढं अवाढव्य धूड, पण थांबताना धक्का नाही. बाबांचं तोंड उघडं ते उघडंच. "हे ती चालवते?" ते हळूच म्हणाले. त्या आवाजात रापी नव्हती.

दुपारी आम्ही हिरव्या मार्गाच्या टोकाला पोचलो. तिथे गाडी उभीच होती. झाडू घेऊन चाललेल्या बाईंना बाबांनी गाठलं.

"अहो बाई, या गाडीवर कोण आहे? माझी मुलगी चालवते, या वेळेला तिची पाळी असते. उंच आहे. केस बारीक कापलेले."

"अय्या, तुम्ही तिचे वडील? हो हो, तिचीच गाडी. आत्ताच केबिनमध्ये गेली. पळा, सुटेलच!"

बाबा पळाले. अहो, काय पळाले! जिन्याजवळच गाडीचं तोंड होतं, काळ्या काचेची केबिन होती. बाबा तिला लागून असलेल्या डब्यात चढले आणि केबिनच्या दाराला पाठ टेकवून बसले. गावच्या बसमध्ये मानाची जागा हीच, ड्रायव्हरच्या मागची. त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली, दारावर हळूच दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "सावकाश ने गं."

गाडी निघाली. उलटी.

म्हणजे बाबांना तसं वाटलं. ज्या केबिनला पाठ लावून ते बसले होते ती मागे राहिली आणि गाडी भलतीकडेच चालू लागली. बाबा दचकून उभे राहिले. समोर विणकाम करत बसलेल्या एका बाईंना म्हणाले, "अहो, ही मागे का नेतेय?"

बाई सुया न थांबवता हसल्या. "मागे नाही काका, पुढेच चाललीय. आपण शेपटीत बसलोय. गाडीला दोन्हीकडे केबिन असते. आता चालवणारी त्या टोकाला आहे."

बाबांचा चेहरा खाडकन उतरला. आयुष्यभर माणसांच्या टाचा आणि चवडे ओळखले, आणि गाडीची टाच कुठली, चवडा कुठला, तेच कळलं नाही! रिकाम्या केबिनला हात लावून 'सावकाश ने' म्हणाले होते ते. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. संध्याकाळची बस डोक्यावर होती. शेवटच्या स्टेशनला गर्दीतून त्या टोकाला पोचेपर्यंत ताई निघून गेली तर?

पुढच्या स्टेशनला दार उघडलं तसे बाबा उतरले आणि फलाटावरून पुढे धावायला लागले. पण ती गाडी होती की मारुतीचं शेपूट! डब्यामागून डबे, डब्यामागून डबे, डोकं दिसेचना. दारं टींटीं वाजायला लागली. बाबा घाबरले, वळले आणि मघाच्याच दारात झेपावले. बाबा आत आले, उजवा आत आला.

मी राहिलो.

दोन्ही दारांनी माझी टाच पकडली. देवा रे, ती कळ! दार उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा मला चावलं. बाबांना पाय ओढता येईना. डब्यातले सगळे आमच्याकडे बघत होते. आणि तेवढ्यात छतातून आवाज आला.

"शेवटच्या डब्यातले प्रवासी, घाई करू नका. दार पुन्हा उघडतेय. पाय सावकाश आत घ्या. तुम्ही नीट आत आल्याशिवाय मी गाडी हलवणार नाही."

ताईचा आवाज!

बाबा एका पायावर तसेच उभे राहिले, वर छताकडे बघत. लहान मुलाने शाळेत बाईंचं ऐकावं तसं त्यांनी मला अलगद आत घेतलं. दार मिटलं आणि गाडी निघाली. एवढी माणसं, एवढं लोखंड, सगळं तिच्या एका शब्दासाठी थांबलं होतं, एका म्हाताऱ्याच्या पायासाठी थांबलं होतं.

"माझी मुलगी आहे ती," बाबा विणकामवाल्या बाईंना म्हणाले. मग शेजारच्याला म्हणाले. मग दाराजवळ उभ्या असलेल्या, कानात गाणी लावलेल्या एका मुलीलाही म्हणाले. तिला ऐकू गेलं नसावं, पण तिने मान हलवली.

त्यानंतर बाबा बसलेच नाहीत. दोन्ही पाय टेकवून मधोमध उभे राहिले, दांडीसुद्धा न धरता. मी फाटलो होतो, पण तक्रार केली नाही. मला तळातून सगळं कळत होतं, वळण कधी आलं, चढ कधी लागला, तिने वेग कधी मऊ केला. मग अचानक उजेड झाला. गाडी जमिनीतून वर आली आणि नदीवरच्या पुलावर चढली. खाली पाणी, पाण्यात होड्या, दोन्ही काठांना न संपणारं शहर, आणि त्या सगळ्यावरून आम्ही चाललेलो. ताई आम्हाला नेत होती. बाबांनी डोळे पुसले नाहीत. वाहू दिले.

शेवटचं स्टेशन आलं. सगळे उतरले. विणकामवाल्या बाई जाताना म्हणाल्या, "काका, धावू नका हं आता." बाबांना धावता येणारच नव्हतं. माझी टाच लोंबत होती. त्यांनी मला पायातून काढलं, मांडीवर घेतलं आणि रिकाम्या डब्यात बसून राहिले. लांबच लांब फलाट बघून त्यांचा धीर सुटला होता. "राहिलं," ते म्हणाले. "सांगायचं राहिलंच."

तेव्हा मला फलाटावर पावलं ऐकू आली. उतरणाऱ्यांची पावलं दूर जात होती, आणि ही आमच्याकडे येत होती. शांत, सवयीची पावलं. गाडी शेवटच्या स्टेशनला पोचली की चालवणारा आपल्या केबिनमधून उतरतो, आख्ख्या गाडीची लांबी चालत येतो आणि दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये बसतो. परतीच्या वेळी शेपटीचं डोकं होतं. हे बाबांना कुठून माहीत असणार?

ताई खांद्याला पिशवी लावून दारात आली.

"आजोबा, गाडी इथवरच..." आणि ती थांबली. "बाबा?"

एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा. सांगायचं म्हणून रस्ताभर जे जुळवून ठेवलं होतं, ते सगळं बाबा विसरले.

"उभा होतो मी," ते म्हणाले. "कशालाही न धरता. तोल गेला नाही एकदाही."

ताईच्या खांद्यावरची पिशवी घसरली. "दारातला पाय तुमचा होता?"

"माझाच. ओरडलीस चांगली."

"मी ओरडले नाही बाबा! प्रवाशांवर ओरडायचं नसतं."

"मग काय करतात?" बाबांनी विचारलं. "सांग ना. तू काय काय करतेस तिथे बसून? मला सगळं सांग."

ताईने तोंड फिरवलं. जरा वेळाने वळली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज मघाचा, छतातून आलेला होता. "आता वेळ नाही, गाडी सोडायचीय. तुम्ही हलू नका. इथेच बसा, या दाराशी. पाळी संपली की रात्री घरी सांगते सगळं."

"संध्याकाळची बस आहे माझी."

"जाऊ दे ती बस," ताई म्हणाली आणि केबिनमध्ये गेली.

या वेळी दारामागची केबिन रिकामी नव्हती. पलीकडे कोणीतरी खुर्ची पुढे ओढली, काहीतरी खटखट दाबलं आणि आमची जागा न हलता आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो.

आता मी जुना झालोय. तळ दोनदा बदलला. दुकानाच्या दर्शनी फळीवर बसतो, कारण बाबा मला अधूनमधूनच घालतात, शहरात जायचं असलं की. टाच त्यांनी शिवली, पण दारांच्या कडांचे दोन वळ मुद्दाम तसेच ठेवले. गिऱ्हाईक विचारतं, "काका, एवढे चांगले बूट बनवता आणि हे काय?" तेव्हा बाबा हातातली आरी बाजूला ठेवतात, खुर्ची पुढे करतात आणि म्हणतात, "बसा, सांगतो."

तुम्हीही परक्या शहरात जाल तेव्हा एक कराल? मोटारीच्या काचेआडून बघू नका. आम्हाला पायात घाला, विचारत विचारत जा, चुका. आणि ज्या गाडीत बसाल, तिचं डोकं कोणत्या टोकाला आहे ते एकदा विचारून घ्या. तिथे कोणाची तरी मुलगी बसलेली असते, आणि तुम्ही नीट आत आल्याशिवाय ती गाडी हलवत नाही.